बंद होण्याआधी लागणारा वेळ

बाबा गेल्यानंतर कितीतरी दिवस मी सगळीकडे झोपेत वावरत होते. जाग असे ती फक्त मशीनच्या खोलीत.

भिलाईच्या सिविक सेंटरमधल्या एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर आमचं श्वास तपासणी केंद्र होतं. लहानशा ट्रस्टचं. ठेकेदारांकडची माणसं तिथे येत. कुणी गिट्टी फोडणारं, कुणी भट्टीच्या आतल्या विटा बदलणारं. एका नळीत ती जीव खाऊन फुंकत आणि त्या फुंकरीचे आकडे आम्ही कॉम्प्युटरमध्ये भरत असू. पुढे कुणाच्या छातीत धूळ बसली, तर कामाला लागताना त्याचा श्वास कसा होता हे सांगायला त्याच्याजवळ दुसरा कुठलाच पुरावा नसे. आधीच्या वर्षांचे कागद वाळवीनं खाल्ले, म्हणून तर ही मशीन, म्हणजे कॉम्प्युटर, आली होती. ती सांभाळणं हे माझं काम.

त्या खोलीला खिडकी नव्हती. आत गारवा असे, आणि मशीनची घरघर. दूरवरून येणाऱ्या मालगाडीसारखी, जी येतच राहते आणि पोचत नाही. त्या आवाजात बसलं की दुपार कुठे जाते ते कळत नसे. टेबलाखाली तांबड्या रंगाच्या लाकडी पेटीत बाबांनी बसवलेल्या बॅटऱ्या होत्या. कधी कधी मी चप्पल काढून पाय त्या पेटीला टेकवून ठेवी.

बाबा, म्हणजे जानराव रामटेके, पोलाद कारखान्याच्या वीजघरातल्या बॅटरी रूममध्ये आयुष्यभर होते. लहानपणी मला वाटे, बॅटऱ्या म्हणजे वीज गेल्यावर दिवे लावायला. एकदा मारोडा तलावाच्या बांधावर बसून त्यांनी मला समजावलं होतं.

"येवढं मोठं टर्बाइन, ते काय बटन दाबलं का थांबते? लाइन गेली तरी फिरतच राह्यते. अन् फिरते तोवर त्याले तेल पायजे. तेल नाई भेटलं तं बेअरिंग जळून कोळसा. तवा माह्या बॅटऱ्या तेलाचा पंप चालवतेत."

"म्हणजे टर्बाइन चालवायला नाहीत?"

"चालवाले कायले? थांबवाले हायेत. नीट थांबवाले."

हे मी शाळेत मैत्रिणींना सांगितलं तेव्हा त्या हसल्या होत्या. ज्यांचे वडील पोलाद ओतत, त्यांना थांबवण्याचं काम हे काम वाटत नसे.

केंद्रात मशीन आली तेव्हा आमची टायपिस्ट रत्नमाला पहिल्याच आठवड्यात कुरकुरायला लागली, की एक ओळ भरली की ही बया ध्यान लावून बसते. मग रायपूरहून एक इंजिनिअर आला आणि त्यानं आत एक कार्ड बसवलं. मशीन झटकन चालायला लागली. कशी, ते मी त्याला खोदून खोदून विचारलं, आणि घरी येऊन बाबांना सांगितलं. हुडको वसाहतीतल्या आमच्या घराच्या ओट्यावर ते तुरीच्या शेंगा सोलत बसले होते.

"आता आपण भरलेली ओळ ती आधी नुसती लक्षात ठेवते," मी म्हणाले, "आणि लगेच 'झालं' म्हणते. मग सवड मिळाली की डिस्कवर उतरवते."

"म्हंजे लिहिलं नाई तरी लिहिलं म्हंते?"

"हो."

"पुढाऱ्यावानी."

"बाबा!"

"अन् मंधातच लाइट गेली तं?"

"तर लक्षात होतं तेवढं गेलं. आणि काही अर्धवट उतरलेलं असलं तर आधीचं, जुनंसुद्धा गोंधळतं. सगळ्यांचंच."

बाबांचा हात शेंगेवर थांबला. "किती वेळ पायजे तिले?"

"कशाला?"

"मनातलं सारं उतरवाले."

"मिनिटभर. कधी थोडा जास्त."

"बस?" असं म्हणून त्यांनी शेंगांचं सूप आईकडे सरकवलं आणि ते सायकलीला हवा भरायला उठले. दुसऱ्या दिवशी ते पॉवर हाउस भागातल्या भंगार बाजारात गेले. तयार यूपीएस घ्यायला ट्रस्टची मंजुरी नव्हती, आणि निवृत्त होऊन घरी बसलेल्या माणसाला तर कुणाची मंजुरी लागत नव्हती. जुन्या बसगाड्यांचे सेल त्यांनी एकेक करून निवडून आणले, धुतले, भरले, ओट्यावर ओळीनं मांडून जागवले. एक इन्व्हर्टर मिळवला. पेटी सुताराकडून नाही, स्वतःच केली. मग केंद्रातला तपासनीस तेजराम साहू आणि बाबा, दोघांनी ती जिन्यावरून वर चढवली. तेजराम तेव्हापासून बाबांना 'बाबूजी' म्हणायला लागला.

"अर्धा तास," बाबांनी बजावलं. "अर्धा तास देतेत ह्या. पन तू अर्धा तास घेऊ नोको. लाइन गेली का मशीनले सांग, मनातलं उतरव."

त्याला एक हुकूम होता, सिंक. म्हणजे नेमकं हेच, मनातलं उतरव. आम्हाला नागपूरला शिकवणाऱ्या सरांनी सांगितलं होतं, बंद करण्याआधी तो तीनदा टाइप करायचा. का, ते त्यांनाही नीट माहीत नव्हतं. एकदा पुरतो, ते म्हणाले, पण सगळे तीनदाच करतात, दुसऱ्या-तिसऱ्या वेळेत मशीनला मधला वेळ मिळतो. हे ऐकून बाबा फार खूश झाले.

"दुतियम्पि, ततियम्पि," ते म्हणाले.

आमच्या घरी रोज संध्याकाळी त्रिशरण होई. बुद्धाला, धम्माला, संघाला शरण, आणि मग तेच पुन्हा दुसऱ्यांदा, पुन्हा तिसऱ्यांदा. लहानपणी मी कंटाळून विचारलं होतं की एकदा म्हटलं की पुरे नाही का.

"पयल्यानं तोंड म्हंते," बाबा म्हणाले. "दुसऱ्यानं कान आयकते. तिसऱ्यानं कुठं आत उतरते."

त्यानंतर दोन पावसाळे त्या बॅटऱ्या चालल्या. बाबा महिन्यातून एकदा केंद्रात येत, सेलमध्ये पाणी घालत, घनता मोजायची काचेची नळी उजेडाकडे धरून डोळे बारीक करत. एकदा तेजरामनं त्यांना चेष्टेत नळीपुढे बसवलं. "बाबूजी, आप भी फूँको, देखें कितना दम है." बाबांनी फुंकलं. रत्नमालेनं हसत हसत त्यांचं नाव भरलं. पडद्यावर एक रेघ झरझर वर गेली आणि मग सावकाश, फार सावकाश खाली आली.

आषाढात एका दुपारी बाबा जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. आई मागच्या अंगणात होती, मी मशीनजवळ. मी वाचलेल्या पुस्तकांतली माणसं जाताना काहीतरी बोलून जातात. जेवताना बाबा आईला म्हणाले होते की वरणात हिंग जास्त पडला. तेवढंच. आई नंतर कितीतरी दिवस हिंगाचा डबा उघडत नव्हती.

दुपारच्या त्या घरघरीत मला एक स्वप्न पडे. पूर्ण स्वप्न नव्हे, डोळे उघडेच असत. मारोडा तलावाचं पाणी अगदी स्थिर, आणि बाबा त्यात गुडघ्यापर्यंत उभे. हातात ती काचेची नळी. ते वाकून तलावाचं पाणी नळीत ओढून घेतात, उजेडाकडे धरून बघतात, पुन्हा तलावात सोडतात. एक पाऊल पुढे जातात, पुन्हा तेच. घाई नाही. मी बांधावरून हाक मारते, पण माझी हाक पाण्यावरून इतकी हळू जाते, की ती पोचेपर्यंत ते आणखी पुढे गेलेले असतात. पाण्यावर एक वर्तुळही उठत नाही. मग रत्नमाला काहीतरी विचारी आणि तलाव आटे.

आणि कधी कधी मी बाबांची ती रेघ उघडून बघत असे. त्यासाठी काही कारण लागत नसे. झरझर वर, सावकाश खाली. ती डिस्कवर होती आणि डिस्क त्यांच्याच बॅटऱ्यांच्या भरवशावर. माणूस जाऊनही अशी व्यवस्था चालू राहते, ह्याचा मला तेव्हा आधार वाटे. महिन्याचं पाणी मीच घालत होते. मीटर लावलं की काटा नेहमीच्या जागी जाई.

सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा आली.

भिलाईत त्या दिवशी लेथपासून लुनापर्यंत सगळ्याला हार पडतो. आमच्या घरी पूजा नव्हती, पण बाबा त्या दिवशी बॅटरी रूममध्ये धुतलेले कपडे घालून जात, गरम सोड्याच्या पाण्यानं प्रत्येक सेलचं तोंड पुसत आणि पूजेच्या वेळी मागे उभे राहत. प्रसादाचा द्रोण मात्र घरी आणत. "बुंदीसंगं आपलं काई वैर नाई," म्हणत.

तेजरामनं सकाळीच मशीनच्या दाराला रंगीत दिव्यांची माळ बांधली, फोटो मांडला, उदबत्त्या लावल्या. पुढच्या खोलीत मजुरांची रांग होती, कारण एका ठेकेदारानं नेमकी त्याच दिवशी आपली माणसं पाठवली होती.

"दीदी, आज तो मशीन को भी छुट्टी दो," तेजराम म्हणाला.

"ही माणसं होऊ दे. मग बंद करते आणि तुझ्या ताब्यात देते."

"विशाखाताई हात जोडणार नाहीत," रत्नमाला पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "पण द्रोण दोन घेतील."

"आईचा एक धरून तीन," मी म्हणाले. बाबांनंतर मी केलेली ती पहिली थट्टा असावी, कारण दोघंही थांबून माझ्याकडे बघायला लागले.

तेवढ्यात वीज गेली.

पंखे थांबले. पुढच्या खोलीत 'अरे' असा एक सामायिक आवाज झाला. मशीनची घरघर मात्र अखंड चालली होती, रत्नमालेचा पडदा उजळ होता, आणि दारावरची माळही तशीच लुकलुकत होती. लाल, हिरवी, पिवळी. तेजरामनं ती बॅटऱ्यांच्या बोर्डवर जोडली होती.

"तेजराम, ही माळ इथे का?"

"बाबूजी की बैटरी है, दीदी, कुछ नहीं होगा," तो अभिमानानं म्हणाला. "पूजा के टैम लाइट जाती है हर साल. इसीलिए." मग रांगेतल्या लोकांकडे वळून तो ओरडला, "देखो, सबकी बत्ती गुल, हमारी चालू! जानराव बाबूजी की जय!"

कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मीही हसले असेन. दिव्यांकडे बघत होते. अंधारात ते सुंदर दिसत होते, पाण्यात पडलेल्या दिव्यांसारखे. आणि बघता बघता लाल दिवा विटकरी झाला. हिरवा शेवाळी. पिवळा तर फुंकर घातलेल्या निखाऱ्यासारखा आतल्या आत जायला लागला. स्वप्नातल्यासारखं मी ते नुसतं बघत राहिले. वीज जाऊन अजून उदबत्तीची राखही पडली नव्हती.

मग मला जाग आली.

"रत्ना, हात काढ. काही भरू नकोस!"

तिनं खुर्ची मागे लोटली. मी उभ्यानंच टाइप केलं, सिंक. डिस्कचा दिवा फडफडायला लागला. पुन्हा, सिंक. पडदा कडेनं आकसत होता. तिसऱ्यांदा. डिस्कचा दिवा फडफडून स्थिर झाला. मग बंद होण्याचा हुकूम. आता विजेचं बटन बंद करायला हरकत नाही, अशी ओळ पडद्यावर उमटली, आणि मी बटन बंद केलं. पाठोपाठ माळ विझली.

पुढच्या खोलीतल्यांना वाटलं, हे असंच असतं. पुन्हा टाळ्या झाल्या.

आमचे डॉक्टर, नरहरी पिंपळापुरे, गर्दीतून आत आले. त्यांना कुणीतरी सगळं सांगितलं होतं, अर्थात आपल्या पद्धतीनं. त्यांनी पेटीकडे बघून चष्मा काढला. मनानं फार चांगला माणूस.

"विशाखाबाई, आज तुमच्या वडिलांनी वाचवलं."

मी वाकून माळेची पिन बोर्डातून काढली.

"उद्या संध्याकाळी ट्रस्टची बैठक आहे. यूपीएसचा विषय आहे त्यात, तो मी मागे घेतो. हे असताना काय गरज? त्याऐवजी फुंकायचं दुसरं यंत्र मागू, ही रांग तरी कमी होईल. आणि ह्या पेटीवर त्यांचं नाव घालू. नीट, पेंटर बोलावून."

"थँक यू, सर," मी म्हणाले.

"मेरी गलती है, सर," तेजराम मान खाली घालून म्हणाला. "झालर की वजह से बैटरी बैठ गई. अब नहीं लगाऊँगा."

मी त्याला अडवलं नाही. पण मला माहीत होतं. तांदळाएवढ्या दिव्यांची ती माळ, एका पडद्यापेक्षाही कमी वीज ओढणारी. अर्धा तास देणाऱ्या बॅटऱ्या माळेनं बसत नाहीत.

मी घरी पोचण्याआधीच बातमी घरी पोचली होती. रत्नमाला आमच्याच गल्लीत राहते. आई ओट्यावर बसली होती, केस विंचरलेले, अंगावर इस्त्रीचं लुगडं. शेजारच्या सिंधुताई उठून जात होत्या. आषाढानंतर आईला ओट्यावर बसलेलं मी पहिल्यांदा बघत होते.

"आयकलं मी," ती म्हणाली. "तुह्या बाबानं मशीन वाचवली म्हंते."

"हं."

"नाव लिहून राहिले म्हंते त्यायचं?"

"डॉक्टर म्हणाले तसं."

"हातपाय धू. चाय ठेवते." तिनं द्रोणातली बुंदी चिमटीनं चाखली आणि म्हणाली, "पाक कच्चा हाये." संध्याकाळी तिनं बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली. त्रिशरण म्हणताना तिचा आवाज बऱ्याच दिवसांनी माझ्या आवाजाच्या पुढे जात होता.

मी अंथरुणावर पडून छताकडे बघत होते. डोळे मिटले की तलाव येई, पण बाबा त्यात दिसत नव्हते. नुसतं पाणी. एक नाव पाण्यावर पेंट करता येतं का, असं काहीतरी मी विचार करत होते. गप्प राहणं सोपं होतं. बैठक होईल, विषय मागे जाईल, पेटीवर नाव येईल. वीज रोज थोडीच जाते. आणि गेली तर मी आहेच, धावायला. पण मी नसेन त्या दिवशी? रत्नमाला 'झालं' वाचून मान डोलावील आणि खाली काहीच झालेलं नसेल. त्या डिस्कवर हजारो माणसांच्या फुंकरी होत्या. त्यांतली एक मला कुठल्याही नावापेक्षा जवळची होती, पण बाकीच्याही कुणाच्या तरी होत्याच.

सकाळी मी केंद्र उघडण्याआधी गेले. बाबांचं एक सांगणं होतं, 'रिकाम्या हाती सारेच पयलवान. वजन देऊन पाय.' नुसतं मीटर लावलं तर मेलेला सेलही जिवंत दिसतो. त्याच्यावर भार टाकायचा आणि मग काटा बघायचा. ह्यासाठी ते हीटरची जुनी कॉइल वापरत. त्यांच्यानंतर ती कॉइल कपाटातून कुणी काढली नव्हती. मी काढली. पेटीचं झाकण उघडलं, आणि सगळ्या सेलवर मिळून भार देऊन एकेकावर मीटर लावत गेले. पहिला खचला, पण तग धरून राहिला. दुसरा तसाच. डावीकडून तिसऱ्यावर काटा आधी मधोमध आला, मग शून्यावर, आणि मग शून्याच्याही पलीकडे, उलट्या बाजूला गेला. मी तारा बदलून पुन्हा पाहिलं. पुन्हा तेच. सेल उलटा झाला होता. देण्याऐवजी घेत होता.

"का होगे, दीदी?" तेजराम दारात उभा होता, हातात कालच्या माळेची गुंडाळी.

मी त्याला काटा दाखवला. तो उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला.

"किसी को मत बताओ," तो हळूच म्हणाला. "मैं एक सेल कबाड़ी से ले आऊँगा. बदल देंगे. बाबूजी की पेटी तो रहेगी."

"बाकीचेही खचलेत, तेजराम. आज हा, उद्या तो."

"तो झालर की वजह से नहीं था?"

"नव्हतं. तुझी चूक नव्हती."

त्याला बरं वाटायला हवं होतं. तो रडायलाच लागला.

डॉक्टर यायला वेळ होता, आणि मला त्यांच्याआधी कुणाला तरी सांगायचं होतं. मी ऑटो करून हुडकोला परत गेले. आई तांदूळ निवडत होती. मला अवेळी बघून तिनं वर पाहिलं.

"आई, बाबांच्या बॅटऱ्या काढाव्या लागतील."

"कावून? काल तं चालल्या ना."

"नाही चालल्या. मी वेळेवर धावले म्हणून निभावलं. एक सेल उलटा झालाय. बाकीचेही दमलेत."

ती तांदळातून बोट फिरवत राहिली. एक खडा सापडला, तो तिनं बाजूला टाकला. मी तिच्या तोंडाकडे बघायचं टाळत होते.

"उलटा झाला?"

"हो."

"अशा सेलचा त्यायले लई राग ये," आई म्हणाली. "घरी येऊन मले सांगत. म्हणत, शेवंते, मेलेला सेल चूप नाई बसत. बाजूच्याची ताकद खाते. मी म्हणो, मंग मले कायले सांगता जी, काढून फेका." ती थोडी हसली. "काढून टाक."

"ते नाव लिहिणार होते."

"बॅटरीवर नाव लिहाचं असते काय वो? जल्मभर टर्बाइन थांबवलं त्यायनं. कोनं लिहिलं?" मग सुपातले तांदूळ एकदा पाखडून ती म्हणाली, "पन तूच काढ. तेजरामले नोको देऊ. तो रडते अन् पाना पायावर पाडून घेते."

"रडतोच आहे."

"पाय, मी म्हटलं नोतं?"

डॉक्टरांना सांगणं त्यामानानं सोपं गेलं. ते थोडे हिरमुसले. पेंटरला त्यांनी निरोप धाडला होता.

"पण काल तर..."

"काल मी तिथे उभी होते, सर, म्हणून. उद्या नसेन. यूपीएसचा विषय मागे घेऊ नका."

"बरं. ते यायला महिना-दोन महिने जातील. तोवर?"

"तोवर त्या कार्डावरचं लक्षात ठेवणं बंद करते. भरलेली ओळ सरळ डिस्कवर जाईल. मशीन फार हळू चालेल."

"फार?"

"रत्नमाला तुमच्याकडे तक्रार घेऊन येईल, इतकी."

ते हसले आणि त्यांनी बैठकीच्या कागदावर काहीतरी खूण केली.

मी मशीन बंद केली, आणि पाना घेऊन पेटीपुढे बसले. आधी ऋण बाजूची तार, मग धन. बाबा जसं करत तसंच, पण त्यांच्यासारखी सफाई मला नव्हती. एक नट गंजून धरला होता, त्याला सोड्याचं पाणी लावून वाट बघावी लागली. सेल उचलले तेव्हा त्यांचं वजन मला अनपेक्षित होतं. शिसं असं एकदम हातात येतं. तेजरामनं ते एकेक करून जिन्यावरून खाली नेले, न रडता, आणि भंगारवाल्याच्या गाडीत स्वतः आडव्याचे उभे करून ठेवले, सांडू नये म्हणून. लाकडी पेटी कुणी मागितली नाही आणि मीही ठेवली नाही. टेबलाखालची फरशी तेवढी वेगळ्या रंगाची निघाली.

मशीन पुन्हा सुरू झाली ती म्हातारी होऊन. रत्नमालेनं पहिली ओळ भरली आणि आम्ही दोघी पडद्याकडे बघत बसलो. आत डिस्कचा कुरकुर आवाज येत होता.

"एवढ्यात माझी पोळी लाटून भाजून झाली असती," ती म्हणाली.

"आज मशीनसमोर लाट."

"हसा. डॉक्टरांकडे जाणार आहे मी."

"त्यांना माहीत आहे."

झालं, असं पडद्यावर आलं. तिनं दुसरी ओळ भरली. रांग हळू सरकत होती. नळीपुढे एक वयस्क मजूर आला, खांद्यावर गमछा, भट्टीत विटा लावणारा. तेजराम त्याला ओरडून ओरडून हिंमत देत होता, "और, और, और, और!" त्यानं फुंकलं, खोकला, घाम पुसला. रत्नमालेनं त्याचे आकडे भरले. कुरकुर झाली, आणि झालं असं आलं.

त्याच वेळी वीज गेली.

पडदा गेला, पंखे गेले. घरघर एकदम थांबली. त्या खोलीत इतका अंधार आणि इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती. सगळे माझ्याकडे वळले असणार, मला दिसत नव्हते. माझे हात कीबोर्डकडे गेले आणि वाटेतच थांबले. करायचं काही नव्हतं. जे आत जायचं होतं ते गेलं होतं.

खालून रस्त्याचा आवाज वर आला. ऑटो, कुणाची सायकल, एक बाई दुकानदाराशी वाद घालत होती. मी तिथेच बसून राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते मी येऊ दिलं. अंधारात ते कुणाला दिसायचं नव्हतं.

"दीदी," तो मजूर हळू आवाजात म्हणाला, "मेरा वाला गया क्या? फिर से फूँकना पड़ेगा?"

"नहीं, काका," मी म्हणाले. "आपका लिखा गया है. लाइट आएगी तो देख लेना."

"फिर ठीक है," तो म्हणाला. तो बाकावर टेकल्याचा आवाज झाला. रत्नमालेनं विचारलं, तोवर सगळ्यांना चहा सांगू का, आणि तेजराम किटली शोधायला भिंत चाचपत निघाला.